तांब्याच्या कळशीतलं पाणी

प्रिय दादा,

उद्या अकरा वाजता विरारहून एक माणूस तुझा टँक बघायला येणार आहे. पसंत पडला तर पंप, दिवा, दगड, मासे सगळ्यासकट घेऊन जाईल. त्याला बोलावलंय जुईने. तुझ्या जुईने! म्हणून आज लिहायला बसले. हे दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

"आत्या, विकून टाकू तो. माझ्या हातात काही जगत नाही," परवा ती म्हणाली. सोळा वर्षांची पोर रे! अकरावीला सायन्सही नको म्हणते. माशांचा अभ्यास करणार होती ना? आता कॉमर्सचा फॉर्म भरायचाय. वहिनी बँकेतून यायची होती, घरात आम्ही दोघीच. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी वालाच्या शेंगा सोलत राहिले.

खाऱ्या पाण्याचा टँक तू आणलास तेव्हा मी तुला किती चिडवलं होतं! "वाडीच्या मागे अख्खा समुद्र आहे, घरात कशाला आणखी?" तू म्हणालास, "त्या समुद्राला माझी काही गरज नाही गं, सुले."

कामणच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये इतकी वर्षं काढलेला तू, एकेक स्क्रू मुलगी बघायला गेल्यासारखा निरखायचास. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गजसुद्धा सोलून निघतात, मग त्या पाण्यात काय टिकणार? जुई चुंबक घेऊन तुझ्यामागे. "बाबा, चिकटत नाही! म्हणजे चांगलं स्टील." "पितळही चिकटत नाही, शहाणे. मग ते घालू?" मग तिला शिकवायचास: तीनशे सोळा नंबरचं स्टील घ्यायचं, तेही पाण्याच्या वरच्या कामाला. पाण्यात शक्यतो प्लास्टिक, अगदीच धातू लागला तर टायटॅनियम. टँकखालच्या कपाटाच्या दारावर आतून तू कागद चिकटवला होतास: "तांबं, पितळ, गॅल्वनाइज्ड टँकच्या आसपासही नको."

तो कागद मी रोज वाचायचे, दादा. रोज!

तू असा अचानक गेलास, आणि टँक जुईने अंगावर घेतला. माझ्याकडे एकच काम होतं, पाण्याची पातळी राखायची. टँकमधलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून फिल्टरचं साधं पाणी घालायचं. तुझा पांढरा कॅन तडकला होता. नवा आणेपर्यंत मी आईची तांब्याची कळशी घेतली. संध्याकाळी भरून ठेवायची, सकाळी ओतायची. या घरात देवाला, पाहुण्याला, आजाऱ्याला आपण त्याच कळशीतलं पाणी देत आलो. तुझ्या जिवांना प्लास्टिकमधलं शिळं पाणी का द्यायचं, असं वाटलं मला. नवा कॅन आणायचं मग राहूनच गेलं. तुझा कागद मी स्क्रूंसाठी वाचत होते. काखेत तांबं धरून वाचत होते!

आधी कोळंबी मेली. मग गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. आणि तुझी ती 'बाई', फुलासारखी डुलणारी समुद्रफूल, जिच्या कुशीत नारिंगी माशांची जोडी झोपायची, ती रोज थोडी थोडी आक्रसत गेली. शेवटी जुईने तिला हाताने बाहेर काढलं. मी पाहिलं तिचं तोंड. तुझ्या वेळीही ती इतकी रडली नव्हती.

त्याच दिवसांत जुईने पंपाच्या नळीची क्लिप बदलली होती. तुळिंजच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, पिवळट स्क्रूची. तू पाणी तपासायला ज्याला बोलवायचास तो फिशटँकवाला आला. परीक्षानळीतलं पाणी निळं झालेलं बघून म्हणाला, "ताई, इसमें कॉपर किधर से आया? कुछ पितल-बितल लगाया क्या?"

जुई क्लिप काढून घेऊन आली. "भैया, हा स्क्रू पितळेचा आहे का?"

त्याने धड पाहिलंही नाही. "हो सकता है, बेटा."

झालं! तेवढ्यावर पोरीने स्वतःला शिक्षा सुनावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी उचलली आणि कळलं, तांबं माझ्याच हातून गेलं होतं. तो स्क्रू पितळेचा नव्हताच, दादा. चुंबक लावून पाहिलं मी, टक्कन चिकटलं. जुईच्या चाचणीने जुई सुटत होती. मी काय केलं असेल? कळशी माळ्यावर टाकली आणि नवा कॅन आणला. "आत्या, कळशी कुठे गेली?" तिने विचारलं. "गळायला लागली," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

तीन आठवडे झाले. फिशटँकवाला म्हणतो, दगड-वाळूत तांबं मुरलंय, ते बदलावं लागेल, पण टँक वाचेल, मासे एवढं तांबं सोसतात, ते तर धडधाकट आहेत. ती जोडी आता पंपाला अंग घासत झोपते. जुई तिकडे बघत नाही.

तुझ्यावरही राग येतो रे. जुईला सगळं शिकवलंस, मला एकदा तरी बसवून सांगितलं असतंस! पण मी तरी कधी विचारलं? आणि खरं सांगू? जुईला कळलं की ती मला टँकजवळ फिरकू देणार नाही, याचीच भीती वाटली. तू गेल्यावर सकाळी पाणी ओततानाची ती पाच मिनिटंच तुझ्याजवळ असल्यासारखी वाटायची. ती वाचवायला मी तुझी पोर बळी दिली.

उद्या तो माणूस यायच्या आधी, जुई उठून चहाला बसली की सांगणार आहे. वहिनीसमोर. कळशीचं सांगेन, चुंबकाचं सांगेन, आणि तीन आठवड्यांचं आधी सांगेन. पाणी ओतलं ते न कळून ओतलं. गप्प बसले ते कळून बसले. ती चिडेल, बोलणं टाकेल. टाकू दे. टँक ठेवायचा की द्यायचा, तिने मग ठरवावं. पण आपल्या हातून काही मेलं नाही हे कळल्यावर ठरवावं. मी रडून तिला माझीच समजूत घालायला लावणार नाही, दादा. हा शब्द तुला देते.

तुझी,
सुलू