लाल पाण्याची बाटली

आठ महिने झाले, माझा फोन उचलत नाहीस. प्रितेशला तेवढा निरोप, आजीला सांग मी बरी हाय. सख्ख्या भावाचा पोस्टमन केलास. चौथी शिकलेल्या बाईला या वयात वहीचं पान फाडायला लावलंस.

प्रिय रुतिका,

हैदराबादला जेवतेस की बिस्किटांवर दिवस काढतेस, हे विचारणार नव्हते. विचारलं. इथं दिवाळे गावात नवं काय नाय. खाडीत मासळी कमी, जेट्टीवर फोटो काढणारे जास्त. मी टोपली घेऊन बसते, दुपारी तशीच उठते.

तुमच्या तळोज्याच्या कंपनीतला दसरा आठवतो. यंत्रांची पूजा होती, घरच्यांना बोलावलेलं. तुझं ते यंत्र, तांदळाच्या डब्याएवढं, झेंडूची माळ घालून बसलेलं. तू सांगितलंस, पाण्यातले सोन्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण लेझरचा उजेड त्यांच्यावर आपटून लुकलुकतो. बारीक कण जास्त नाचतो, मोठा सुस्त असतो. ती लुकलुक बघून यंत्र माप सांगतं. मग वीज सोडून कणांवरचा भार मोजतं. तुझ्या कणांचा आला उणे चाळीस. मी म्हटलं, उणे म्हणजे नापास. हसलीस. म्हणालीस, सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून तर तरंगतात. बाजारात आम्ही कोळणी तशाच बसतो, मला लगेच कळलं. काचेच्या डबीला हळदीचं बोट लावायला गेले तर माझा हात झटकलास. धुळीचा कण गेला तरी माप बिघडतं म्हणालीस.

म्हणजे मला माहीत होतं.

कंपनीचा फ्रीज बिघडला म्हणून शनिवारी तू त्या सोन्याच्या कणांची बाटली घरी आणलीस. सहा महिन्यांची मेहनत, जास्वंदीसारखं लाल पाणी. सोमवारी बाहेरची मोठी माणसं माप बघायला येणार होती. तुझ्या आईनं, दमयंतीनं, पापलेटं ठेवायला बाटली खालच्या कप्प्यात सरकवली. तिनं एवढंच केलं. सोमवारी पिशवी उघडलीस तर पाणी निळं. सगळ्यांसमोर यंत्रात घातलंस, कणांचं माप विसाचं बाराशे झालं, भार उणे पाचावर आला. आधीचे आकडे खोटे लिहिलेस म्हणाले, घरी बसवलं. तू आईवर ओरडलीस, तूच फ्रीजरात ठेवलीस, गोठून वाया गेली. ती नाय नाय म्हणत राहिली. तू बॅग भरलीस. मी कांदा चिरत होते.

त्या सोमवारी सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी त्या बाटलीत मिठाची चिमूट टाकली. तुझे आजोबा नव्या होडीत टाकायचे तशी, राखण म्हणून. डोळ्यांदेखत लाल पाणी जांभळं झालं. मी झाकण लावलं, फडक्यात गुंडाळून तुझ्या पिशवीत ठेवली.

माफीसाठी लिहीत नाय. नोकरी गेली ती गेली. तूच म्हणाली होतीस, कण एकदा चिकटून खाली बसले की कितीही हलवा, मोकळे होत नाहीत. आपल्या घराचं तेच झालंय, मला आशा नाय. पण काल मासे साफ करताना तुझी आई म्हणाली, मीच ठेवली असेन फ्रीजरात, आता आठवत नाय. न केलेलं तिनं अंगावर घेतलं, आणि मी समोर बसून कालवं फोडत राहिले.  म्हणून हे कागदावर.

मला उत्तर धाडू नकोस. आईला फोन कर. तूच करायचा, प्रितेशच्या तोंडून नाय.

तुझीच,
दुर्गाबाई आजी