सातचा फोन

राजापेठ, अमरावती
सोमवार, २० मे २०२४

चि. खुशालले मैनाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नको, इथी सारे बरे आहेत. रोज सात वाजताचा आपला फोन आठ दिवसांपासून लागत नाही, कारण मोबाईल मीच बंद ठेवला. हे पत्र नत्थुजीजवळ देते. ते रोज बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याले ड्युटीवर जातात, तुझ्या घरी टाकतील.

तुझ्या आचलचा खेळ अडकून राहिला आहे. ती अन् तिच्या तीन मैत्रिणी सात ते नऊ आपापल्या घरून कॉम्प्युटरवर मिळून खेळतात, हे तुले माहीत आहे. आता तिची बंदूकवाली चालता चालता मधातच उभी राहते, अन् हलते तवा मेलेलीच असते. आचल म्हणते मी गोळी मारली, खेळ म्हणतो नाही मारली. आता कोणाचं खरं मानावं? ती म्हणते पिंग वाढला. तीस असला का चांगला, तीनशे झाला का वाईट. जास्त झालेलं वाईट असते हे मले काही समजलं नाही, पण मी मान डोलावली.

येत्या रविवारी त्यांचा फायनल आहे. त्यांची कॅप्टन अपेक्षा बडनेऱ्याची. ती म्हणे, पुन्हा अडकलं तर दुसरी पोरगी घेऊ. अन् परवा आचल मले म्हणते, कॉलेजच्या होस्टेलात एक खाट रिकामी आहे, तिथं नेट चांगलं आहे, सोमवारपर्यंत कळवायचं आहे.

शेजारच्या माणिकबाईनं सांगतलं का घरात दुसरा मोबाईल चालू असला तर तो नेट खाते. म्हणून माझा बंद. टीव्ही बंद, अन् सात ते नऊ फ्रिजही बंद करते, पूजेची घंटी वाजवत नाही. तरी अडकतेच. खुशाल, दोन वर्षं झाली पोरगी माझ्याजवळ राहून. ती गेली तर मी कोणाले विचारू जेवली का म्हणून? मले रडू येऊन राहिलं. तू तीस वर्षं टेलिफोनच्या लायनी जोडल्या, काही तरी सांग.

वहिनीले आशीर्वाद. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी ताई


अकोला
मंगळवार, २१ मे २०२४

ती. स्व. मैनाताईस खुशालचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आठ दिवस मी अर्धा झालो होतो. माणसाले निदान कळवावं का नाही?

पहिली गोष्ट, फ्रिज चालू कर. फ्रिजचा अन् नेटचा काही संबंध नाही, आतला आंब्याचा रस मात्र नासंल. दुसरी, बोलायचा फोन टॉवरवरून जातो, तुझ्या घरातल्या नेटच्या लाईटवाल्या डब्ब्यातून नाही. तू फोनवर बोलल्यानं आचलची बाहुली मरत नाही. फोन चालू कर. माणिकबाई काही इंजिनिअर नाही.

फॉल्टची तक्रार आली का आम्ही खांबावर चढायच्या आधी दोन गोष्टी विचारत होतो. कधीपासून बिघडलं, अन् त्या दिवशी घरात नवं काय आलं. याचं उत्तर लिहून पाठव. काही आठवत नसलं तरी पुन्हा आठव.

आचल मले काहीच सांगत नाही. फोन केला तर सगळं ठीक आहे म्हणते अन् ठेवते. जात असंल होस्टेलात तर जाऊ दे, पण काहून चालली ते मले समजून नाही राहिलं.

तब्येतीले जप. भावावर रागावलीस तरी विसरू नको.

खुशाल


राजापेठ, अमरावती
बुधवार, २२ मे २०२४

चि. खुशालले अनेक आशीर्वाद.

फ्रिज चालू केला. फोन नाही केला. तुझं खरं असंल, पण रविवारपर्यंत मले उगीच रिस्क नको.

कधीपासून म्हणशील तर अखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून. आचल सणाले तुझ्याकडं आली होती, परत आली अन् त्याच सांजेपासून अडकाले लागलं. नवं काहीच आलं नाही. कंपनीचा माणूस बोलावला, त्यानं डब्ब्यापाशी उभं राहून आपल्या मोबाईलात पाह्यलं अन् म्हणे एकदम फर्स्टक्लास. तो दारातून गेला अन् इकडं आचल पुन्हा मेली. माझं तर डोकं चालेनासं झालं.

हो, नवं म्हणशील तर एक कूलर आला, पण तो काही खेळ खेळत नाही. पोरीच्या खोलीत लय उकडते, म्हणून अखाजीचा मुहूर्त पाहून लोखंडी मोठा कूलर घेतला अन् ओसरीतून तिच्या खिडकीत बसवला. त्याच दिवशी हॉलच्या फळीवरच्या डब्ब्याले हात लावला तर चटका बसला. मले त्याची दया आली, बिचारा रातंदिवस जागतो. म्हणून त्यालेही ओसरीत नेऊन कूलरच्या मागं, ओल्या वाळ्याच्या ताटीपाशी ठेवला. वायर बरोबर पुरली. आता दोघंही गार असतात.

तर तू म्हणतो तसं नवं काही नाही. दुसरं काही असंल तर विचार. सोमवार जवळ आला.

तुझी ताई


अकोला
गुरुवार, २३ मे २०२४

ती. स्व. मैनाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं अन् खाली बसलो. ताई, तो डब्बा आजच्या आज हॉलच्या फळीवर परत ठेव.

नेट डब्ब्यातून हवेतून आचलच्या कॉम्प्युटरपर्यंत जाते. तू मधात लोखंडाची पेटी अन् चाळीस लिटर पाणी उभं केलं. त्यातून ते कसं जाईन? कंपनीचा माणूस डब्ब्यापाशीच उभा होता, त्याले फर्स्टक्लासच दिसणार. डब्बा तापला तर तापू दे, तो तसाच असतो. दया माणसांवर कर.

डब्बा हलवल्यावर काय होते ते कळव. अन् फोन चालू कर.

खुशाल


राजापेठ, अमरावती
सोमवार, २७ मे २०२४

ती. बाबांस आचलचा शि. सा. न. वि. वि.

यावेळी पत्र मी लिहिते आहे, कारण फोनवर मला हे सांगता येणार नाही.

गुरुवारी रात्रीच आत्यानं डब्बा फळीवर ठेवला आणि पिंग अठ्ठावीसवर आला. तीनशेचे अठ्ठावीस झालेले पाहून तिला वाटलं आता काहीतरी कमी पडलं, मग कमीच चांगला हे मी तिला समजावून सांगितलं. काल फायनल झाला. आम्ही हरलो, पण एकदाही अडकलं नाही. शेवटच्या फेरीत मी चुकीच्या दारातून आत गेले. आत्या मागे उभी होती. तिनं विचारलं की ही हार नेटची की तुझी. माझीच म्हटल्यावर तिच्या जिवाला शांत वाटलं.

बाबा, मी होस्टेलात नेटसाठी जात नव्हते. ते मी निमित्त सांगितलं होतं. सात वाजले की आत्या टीव्ही बंद करायची, फ्रिज बंद करायची, फोन तर दिवसभर बंदच, आणि स्वयंपाकघरात नुसती बसून राहायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, तू खेळ. तिनं एका खेळासाठी तुमच्याशी बोलणं सोडलं, हे मला पाहवत नव्हतं. वाटलं, मी इथून गेले तर तिचं घर तिला परत मिळेल. आणि ती हे सारं मी जाऊ नये म्हणून करत होती, हे मला कळलं नाही. तुमची पत्रं तिनं काल मला वाचायला दिली आणि तिनं तुम्हाला काय लिहिलं होतं तेही सांगितलं, तेव्हा कळलं. मी येत नाही, असं होस्टेलला आज सकाळी कळवून टाकलं.

तिचा फोन आत्ता मीच सुरू केला. सुरू होताच मिस्ड कॉलचे मेसेज येत गेले. पंधरा दिवसांचे पंधरा, सगळे तुमचे, सगळे सातच्या सुमाराचे. फोन बंद आहे हे पत्रातून कळल्यावरसुद्धा तुम्ही रोज लावत होता. आत्यानं ते पंधराही एकेक करून वाचले आणि म्हणाली, हा खुशाल असाच आहे. मग पदरानं डोळे पुसले.

आईला नमस्कार. लोभ आहेच. उद्या सात वाजता ती स्वतः लावणार आहे, मी खेळत असले तरी. तेव्हा फोन जवळ ठेवा.

तुमची
आचल