दादा, ते औषध नव्हतं

प्रिय दादा,

तुझ्यावर रागावून लिहितेय. फोटोला हार घालून डोळे पुसायचं काम बाकीच्यांनी केलंय, माझ्या वाट्याला भांडणच उरलंय. आज सकाळी तुझ्या लेकीने, चिमीने, सिकलसेलची गोळी गालात धरली आणि मागच्या दारी जाऊन थुंकली. का गं, विचारलं तर म्हणते, "आत्याचा दवा येल तो खाईन." कोणाचे शब्द हे? तुझेच ना!

तुझा आजार तिच्याही रक्तात आहे, दादा. निदान तिच्यासमोर तरी जीभ आवरायचीस.

तू गेलास त्या आठवड्यात वहिनीने कणगीमागून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यासमोर टाकली. एकही फोडलेलं नव्हतं. दवाखान्यातून इमानाने आणायचास आणि तिथे सारायचास! थंडीत सांधे धरले की कसा कळवळायचास, विसरलास?

आणि मी सांगितलं नव्हतं का? घोलवडच्या वाडीतून चिकू भरून आला होतास. ओट्यावर बसून विचारलंस, "तू तिकडं प्रयोगशाळेत करतेस काय नक्की?" मी म्हटलं, पेशीभोवती लिपिडचा, म्हणजे स्निग्ध पदार्थाचा, पातळ पडदा असतो. तसाच पडदा असलेले बुडबुडे आम्ही पाण्यात बनवतो. त्यांत रक्त नाही, जीव नाही. त्यांच्यावर नॅनोकण सोडायचे, डोळ्यांना कधीच न दिसणारे, आणि बघायचं की कण पडद्याला नुसता चिकटतो, आत शिरतो, की पडदाच फाडतो.

तू हातातला चिकू अंगठ्याने चोळलास. "म्हणजे साल न फाडता आत जायचा." अगदी बरोबर रे! पुढे मी हेही म्हटलं की आमचे कण बहुतेकदा फाडतातच. त्यांच्याबरोबर औषध पेशीत पाठवायचं तर अजून किती वर्षं लागतील कोण जाणे. ते मात्र तू या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलंस.

मग २०१७ सालचा तो तलासरीतला माझा सत्कार. पाहुणे माइकवर गरजले, "आपल्या लेकीने सिकलसेलवर औषध शोधलं!" मी उठले, माइक मागून घेतला आणि सांगितलं, हे औषध नाही, नुसते बुडबुडे आहेत. त्यावर टाळ्या पडल्या! मागून कुणीतरी म्हणालं, "पोर किती साधी आहे." खरं बोललं तर तो आपला विनय ठरतो. अजून संताप होतो माझा. पाहुण्यांचं काय गेलं? शाल देऊन गाडीत बसले. तू मात्र पाड्यावर दारोदार सांगत फिरलास, "आमचे बहिणीन दवा काढलाय."

माइकवरच्या परक्यापुढे ओट्यावरची बहीण खोटी वाटली तुला? एवढा अभिमान मला नको होता. मला तू हवा होतास!

दिवाळीनंतर भात झोडताना गारठा बाधला, अंग दुखून आलं आणि डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू थांबला नाहीस. मी तेव्हा प्रयोगशाळेत बुडबुडे फुटताना बघत होते.

आज चिमीला मांडीवर घेऊन दुसरी गोळी पुढे केली. तिने विचारलं, "ही तुझी ना?"

हो म्हटलं असतं तर लगेच गिळली असती. एक शब्द, आणि काम झालं असतं. पण असल्याच गोड खोट्याने तुला नेलं. म्हटलं, "नाही गं, दवाखान्यातली आहे. माझी अजून झालेलीच नाही. होईल की नाही, तेही मला माहीत नाही." तिने तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "पाणी दे."

आता ऐक. ज्या ज्या दारात तू बढाई मारलीस, त्या प्रत्येक दारात उभी राहून मी तुला खोटं पाडणार आहे. वाटलं तर रुस. आणि कधीकाळी खरंच कण साल न फाडता आत गेला, तर आधी तुला सांगेन, हळूच, ओट्यावर बसून. तोवर चिमीची रोजची गोळी माझ्याकडे लागली.

जिने औषध काढलं नाही ती तुझी बहीण,
सुनंदा