अबोल्याची तारीख

४ नोव्हेंबर, मंगळवार
शाळा सुटल्यावर वकीलबाईंकडे. घटस्फोटाच्या अर्जात 'बरीच वर्षे बोलत नाहीत' एवढ्यावर भागलं होतं. प्रतिज्ञापत्रात भागणार नाही म्हणे. "प्रसंग सांगा मॅडम. तारीख, ठिकाण, कोण हजर होतं."
म्हटलं, प्रसंग नाही. बोलत नाहीत, एवढंच.
"मारलं कधी?" नाही. "शिवीगाळ?" बोलतच नाहीत तर शिव्या कुठून देणार. "दारू? दुसरी बाई?" नाही, नाही. नवऱ्याने मारलं नाही याचं मलाच अपराधी वाटायला लागलं.
"बरं, अबोला सुरू झाला ती तारीख तरी?"
अकरा वर्षं. बारा असतील.
त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक डिसेंबरला दाखल करायचंय. रोज थोडं लिहीत जा, आठवेल." म्हणून ही वही. कागदोपत्री हे आता 'सामनेवाला'. इथेही तसंच लिहीन. सा.

६ नोव्हें., गुरुवार
मी स्वयंपाकघरात, सा. हॉलमध्ये. मध्ये एक भिंत. माझा फोन वाजला. पुण्याहून अनू. "आई, बाबा म्हणतायत सिलिंडर संपत आलाय, नंबर लाव."
म्हणजे हॉलमधून लेकीला पुण्याला फोन आणि लेकीचा मला. नाशिकरोड ते नाशिकरोड, व्हाया पुणे. ती घरी होती तोवर "आईला सांग" असायचं. नोकरीला गेली तेव्हा वाटलं, आता तरी यांना तोंड उघडावं लागेल. कसलं काय.
मीटिंगमधून बाहेर येऊन फोन केला बिचारीने.

८ नोव्हें., शनिवार
सकाळची शाळा. दुपारभर वही उघडी ठेवून बसले. अकरा वर्षांचं आठवतं काय, तर एक सकाळ. सा. पहिल्या पाळीला निघालेत. मी डबा भरून झाकणावर हात ठेवून उभी, काही म्हणतील म्हणून. हात काढते. डबा उचलतात. जिन्यात चपलांचा आवाज.
हे शेकड्यांनी झालं असणार. आठवतं एकदाच झाल्यासारखं. गाऊन निळा होता. निळा गाऊन कुठल्या वर्षी...
बाकी आठवतं ते भलतंच. शेजारच्या गच्चीवरची टाकी फुटली तो दिवस. अनूचं हाताचं प्लास्टर. ते दिवस लख्ख आठवतात, आणि त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही.

११ नोव्हें., मंगळवार
सा.चं लेखी म्हणणं आलं. वकीलबाईंनी वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या.
सात प्रसंग. तारीख, वार, वेळ, साक्षीदार. नणंदेसमोर मी ताट भिरकावलं. अनूच्या दहावीच्या निकालादिवशी पार्किंगमध्ये ओरडले, "बोला ना माझ्याशी, बोला!" सगळी बिल्डिंग गॅलरीत आली होती. दीड तास बाथरूमचं दार लावून घेतलं. असे सात.
सगळे खरे. सगळे माझे. सा.चा एकही नाही, कारण सा.ने कधी काही केलंच नाही.
तीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लॉगबुक लिहिलं या माणसाने. बोलायचे तेव्हा कौतुकाने सांगायचे, सगळं नीट चालू असलं की तासाला एक शब्द, 'नॉर्मल'. बिघाड झाला की पानभर. घरीही तेच चालू होतं म्हणायचं. अकरा वर्षं नॉर्मल, आणि सात वेळा मी.
संताप संताप झाला. कोणावर काढू, आठवा प्रसंग होईल.

१३ नोव्हें., गुरुवार
कोर्टात समुपदेशनाची बैठक. समुपदेशक बाई गोड आहेत, नको तितक्या. सा. माझ्यापासून दोन हातांवर. बाईंना म्हणाले, "त्यांना सांगा, माझी काही तक्रार नाही." बाईंनी खरंच मान वळवून मला सांगितलं! अनूला सुट्टी मिळाली म्हणायची.
नंतर मला एकटीला थांबवलं. म्हटलं, मला तारीख का आठवत नाही? वेडी आहे का मी? तर म्हणाल्या, "ताई, काही बदललं की मन तिथे रेघ मारतं आणि मागचं सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवतं. रोज तेच असेल तर रेघ कुठे मारणार? सगळे दिवस एकाच गाठोड्यात जातात."
मग माझी अकरा वर्षं केवढी, विचारलं. त्यांनी मला पाणी दिलं.

१४ नोव्हें., शुक्रवार
बालदिन. भाषणं उरकल्यावर वर्गात खेळ घेतला. मी काहीतरी करीन, एक काम संपून दुसरं लागलं असं वाटलं की बाकावर थाप मारायची. फळा पुसला. थाप. तारीख लिहिली. थाप. खिडकी उघडली. थाप. पाचवीची पोरं, पण थापा कशा एकाच जागी.
मग मी डस्टर हातात धरून नुसती उभी राहिले. तोंड मिटून, समोर बघत. एकही थाप नाही. कितीतरी वेळ. पुढच्या बाकावरची श्रावणी वैतागून म्हणाली, "मॅडम, चालू कधी करणार?"
मी डस्टर जमिनीवर आपटलं. अख्खा वर्ग दणाणला. शिपाईमावशी धावत दारात, "काय फुटलं का वो मॅडम? लय आवाज झाला!"
काही नाही म्हटलं. रिक्षात रडले.

१८ नोव्हें., मंगळवार
अनूला फोन केला, या वेळी माझ्या कामासाठी. अबोला कधीपासून, तुला काही आठवतं का?
"हो. मला तारीखसुद्धा माहितीये."
येवल्याला तिच्या मामाची वास्तुशांत होती. पंगतीत सा. सगळ्यांदेखत म्हणाले, हिला काय विचारता, पाचवीच्या पोरांवर ओरडण्यापलीकडे हिला काय येतं? सगळे हसले. माझे भाऊसुद्धा. परतताना एसटीत, विंचूर गेल्यावर, मी म्हणे म्हटलं, "आजपासून मी तुमच्याशी बोलणार नाही." अनू मध्ये बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची सातवीची स्कॉलरशिप. हॉलतिकीट जपून ठेवलंय, त्यावर तारीख आहे.
म्हणजे मी. सुरुवात मी केली.
पण मी चारच दिवस धरला होता! पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "चहा ठेवलाय." ते भांडण माझ्यापुरतं तिथे मिटलं, म्हणून तर विसरले.
"चहाचं मला आठवत नाही, आई," अनू म्हणाली. "मला बसच आठवते."

२१ नोव्हें., शुक्रवार
वकीलबाईंना सांगितलं. त्या खूश. "बसचं बोलू नका. पाचव्या दिवसाची तारीख टाकू. तुम्ही चहाला बोलावलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. खोटं काहीच नाही त्यात. कुठून कापायचं, एवढाच प्रश्न."
मग पेनाने टेबलावर टकटक करत म्हणाल्या, "त्यांच्या सात प्रसंगांत बस नाही. बघा, त्यांनाही आठवत नाही."
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ताटाची वेळसुद्धा लिहून ठेवणारा माणूस, बस लिहीत नाही? विसरले असतील तर माझी अकरा वर्षं कशापायी गेली, हे करणाऱ्यालाही ठाऊक नाही. आणि लक्षात असून गाळलं असेल, मला सांभाळायला, तर...
कुठलं जास्त वाईट ते ठरत नाही.

२५ नोव्हें., मंगळवार
काही नाही. मेथी. टीव्ही. नॉर्मल.

३० नोव्हें., रविवार
उद्या दहाला सही. तारखेची जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. बस, की चहा?
दुपारी अनूला म्हटलं, बाबांना विचार, बस आठवते का. "नाही आई. हे मी पोचवणार नाही. तुझं तू विचार." पहिल्यांदाच नाही म्हणाली. बरं केलंन.
संध्याकाळी सा. बातम्या लावून बसलेले. हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. "अहो." किती वर्षांनी हा शब्द. "येवल्याहून येताना बसमध्ये मी काय म्हटलं होतं, आठवतं तुम्हाला?"
त्यांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. मी आधी घड्याळाकडे बघितलं. सात चाळीस. त्यांच्या तोंडाकडे नंतर. मी अशी झाले आहे.
"कुठली बस?"
मला म्हणाले. अनूला नाही, भिंतीला नाही, मला.
आवाज म्हातारा झालाय. चेहऱ्यावरून काही कळेना, खरंच विसरलेत की मला सोडवतायत. सांगायला हवं होतं, ती विंचूरची, अनू मध्ये बसलेली. तशीच आत आले.
म्हणजे ते बोलले, आणि उत्तर मी दिलं नाही.
कुकर लावलाय. टीव्हीचा आवाज अजून आलेला नाही. आत्ता हॉलमध्ये ड्रॉवर उघडला. पेन शोधतायत वाटतं, नोंदीला.