प्रदर्शनातला सुपारीचा गणपती

ठाणे, माघ शुद्ध सप्तमी, शके १८१०

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी हरिहराचा साष्टांग नमस्कार. कल्याणच्या थंडीत आपला दमा कितपत छळतो ते कळवावे. (अडुळशाचा काढा घ्यावा, कडू लागतो, पण आपण सरकारी नोकरी केली आहे, कडू गिळायची आपणांस सवय आहे.) इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याचा प्रघात म्हणून लिहितो. वस्तुतः आपल्या भगिनी गेल्या आठवड्यात रुसून आपल्याकडे आल्यापासून इकडे क्षेम असे काही उरलेले नाही, आणि येत्या त्रयोदशीस नौपाड्याच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. त्यांची बाजू आपण ऐकली असेलच. माझीही ऐकावी, एवढ्यासाठी हे पत्र. अक्षर वेडेवाकडे आहे, कारण दोन ओळी लिहितो की उठून ओटीवर जातो, रस्ता पाहतो, आणि कोणी येत नाही म्हणून परत येतो.

माझा भाचा प्रभाकर मुंबईस चित्रकलेच्या शाळेत शिकतो, हे आपण जाणता. (शिकतो म्हणजे तुटक्या नाकाचे प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांची नाके कागदावर तशीच तुटकी काढतो. नीट काढली तर मार्क कापतात म्हणे.) यंदा इथल्या मंडळींनी शाळेच्या मोठ्या खोलीत कलाकौशल्याचे प्रदर्शन भरवले, आणि माझा भाचा हातभर उंचीचा तैलरंगातला गणपती आणील, असे मी कमिटीपुढे छाती पुढे काढून सांगून बसलो. त्यासाठी समोरची भिंत मोकळी झाली, तांबटाची घंगाळी कोपऱ्यात गेली, तांबट माझ्याशी बोलेनासा झाला. आणि प्रभाकर गाडीतून उतरला तो रिकाम्या हातांनी. घरी येऊन त्याने मामीकडे, म्हणजे आपल्या भगिनींकडे, मूठभर तांदूळ आणि एक सुपारी मागितली. तिने डब्यातली दिली. त्याने ती शाळेत नेऊन लाल मखमलीवर तांदळाच्या राशीत ठेवली आणि खाली चिठ्ठी लावली : गणपती, किंमत रुपये शंभर.

अण्णा, ठाण्यात एवढा गलका आगगाडी पहिल्यांदा आली तेव्हाही झाला नसेल. मामलेदार म्हणाले, ही थट्टा आहे. प्रभाकर म्हणाला, तुमच्या घरी प्रत्येक पूजेत हीच सुपारी गणपती म्हणून बसते, तेव्हा सोंड कुठे आहे असे कोणी विचारले का? आमचे धोंडभटजी तर पुरते कात्रीत सापडले. नुसती सुपारी म्हणावे तर जन्मभर पुजले काय, आणि गणपती म्हणावे तर देवाला किमतीची चिठ्ठी कशी? मंत्रावाचून ती सुपारीच, असा तोडगा त्यांनी काढला. प्रभाकरने आवाहनाचा मंत्र स्वरांसकट म्हणून दाखवला, तेव्हा भटजींना एकाएकी घरचे काम आठवले. रोज तळ्याभोवती फिरणारे पेन्शनर फिरणे सोडून शाळेत येऊन भांडू लागले. यात याने केले काय, हात कुठे लागला, असे एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, मग तुम्ही ठेवायची होती, कोणी अडवले होते? मी दोन्हीकडे मान डोलावली आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

अखेर ती घेतली आपल्या कल्याणच्या पोपटशेट लाकूडवाल्यांनी. सागाचे ओंडके दहादा ठोकून बघणारा हा माणूस. त्याने सुपारीला हातही लावला नाही. चार शहाणे ज्यावरून भांडतात ती चीज स्वस्त नसते, एवढेच म्हणाला आणि शंभर रुपये मोजले. गाडी पाठवून नेईपर्यंत सुपारी माझ्या घरी कोनाड्यात राहिली. त्या संध्याकाळी कमिटी माझे अभिनंदन करायला आली. विडे झाले. ही कला म्हणावी की न म्हणावी, यावर सगळे तोंड भरून बोलत असता माझी नजर कोनाड्यात गेली. तांदूळ होते, मखमल होती.

विड्यांसाठी डब्यातली सुपारी हाताशी नव्हती म्हणून आपल्या भगिनींनी कोनाड्यातली फोडली होती. मी चारचौघांत त्यांची अक्कल काढली. त्यांनी आतून डबा आणला, माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “घ्या, यातली कुठलीही.” सकाळच्या गाडीने त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर आला. मी डोके धरून बसलेलो. त्याने डब्यातली दुसरी सुपारी तांदळात ठेवली आणि म्हणाला, मामा, झाले. मी शेटजींना सांगूनच ठेवले आहे, सुपारी बदलली तरी गणपती तोच. शेटजींनीही मान डोलावून ती नेली. म्हणजे त्या म्हणाल्या तेच शंभर रुपयांचे शास्त्र निघाले, आणि अक्कल कोणाची निघाली ते आपण समजून घ्यावे.

काल धोंडभटजी वास्तुशांतीचे ठरवायला आले. यजमानीण नाही, म्हटले, तर म्हणाले, त्यात काय, कमरेला सुपारी खोचून बसा, पत्नीच्या जागी चालते. अहो, ती रीत विधुराची. ती कल्याणास गेली आहे, वैकुंठास नव्हे. मी एवढ्या जोराने ओरडलो की भटजी पंचांग टाकून पायरीपर्यंत गेले. गणपतीच्या जागी सुपारी चालते, अण्णा, देव मोठा आहे. तिच्या जागी मला नाही चालत. चूल कुठल्या अंगाला हवी हे तिने ठरवलेले घर, त्यात मी सुपारीसह राहू कसा?

असो. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
हरिहर

ता. क. हे पत्र तिला दाखवू नये.

ता. क. दाखवले तरी चालेल. अक्कल काढल्याचा मजकूर मोठ्याने वाचावा, भटजींचा गाळावा.

ता. क. पत्र टपालात टाकायला निघालो तो चालत स्टेशनावर पोहोचलो आणि तिकीट काढले. तेव्हा हे पत्र आपल्या धाकट्याच्या हाती आत पाठवतो आहे. मी बाहेर आपल्या ओटीखाली उभा आहे. पाय धुवायला पाणी गड्याच्या हाती पाठवू नका. सुमतीला विचारा, ती आणते का.