समुद्रपूर हद्दीबाहेर

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्ध्याच्या बसस्टँडवर कोणी नवखा माणूस पिशवी खाली ठेवून इकडेतिकडे पाहू लागला की मला वाटतं, आता तुम्ही त्याला गाठणार. कुठून आलात, इथून कुठे जाणार, एवढंच विचारायचं. मग कॉलेजात भूगोलाच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशावर खिळ्याखिळ्याला दोरे बांधायचे. एका माणसाने एकाच फेरीत दोन गावं पाहिली की त्या दोन गावांमध्ये एक दोरा. सेवाग्राम ते पवनार तर दोऱ्यांचा दोरखंड झाला होता. जिल्ह्याची हद्द सरकार आखतं, तुम्ही म्हणायचात, पण पर्यटनस्थळाची हद्द पाहुणे आपल्या पायांनी आखतात. दोरे विरळ झाले की स्थळ संपलं.

समुद्रपूरला एकही दोरा नव्हता, आणि मी नेमका समुद्रपूरच्या मुलीवर मरत होतो. बोरगाव मेघेला आमच्या भाजीच्या वाडीला लागून तिच्या मामाचं घर. ती उन्हाळ्यात यायची. तिचं गाव हद्दीबाहेर, हे मला सहनच होईना. भर वर्गात मी तुमच्याशी भांडलो. तिथे जाणारा एक पाहुणा दाखव, तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, मी जातो. काय पाहायला, म्हणून विचारलंत. सगळा वर्ग खिदळला.

मग तो दिवस. मी नोंदवही घेऊन स्टँडवर तुमच्यासोबत उभा. तिचे वडील तिला न्यायला आलेत, खांद्यावर दुपट्टा, मागे ती. स्टँडवर एवढी माणसं, पण तुम्ही नेमकं त्यांनाच गाठता. ते हात जोडून सांगतात, "आमच्या गावात पाहाचं काय हाये जी? कापसाची पऱ्हाटी हाये. बाकी काई नाई."

माझं डोकं सटकलं. "काऊन नाई? पाहासारखं हाये तिथं. तुमाले दिसत नाई तं काय करू?"

वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांना सगळा भूगोल कळला.

"नदीबद्दल बोलतोय तो," तुम्ही घाईघाईने म्हणालात.

"उन्हाळ्यात नदीले पाणी कुठी रायते, गुरुजी?"

त्यांनी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. समुद्रपूर हद्दीत घ्या, नाहीतर कॉलेज सोडतो, असं मी तुम्हाला तिथेच बजावलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, तुझ्यासाठी खोटा दोरा बांधू का? दुसऱ्या दिवसापासून मी वाडीत वांगी तोडू लागलो.

पुढचं मला लग्नानंतर सासऱ्यांकडून कळलं. तोवर तुम्ही गेला होतात. मी कॉलेज सोडल्यावर तुम्ही एकटेच समुद्रपूरला जाऊन त्यांच्या ओसरीवर बसला होतात म्हणे. "म्या इचारलं, गुरुजी, काय पाहाले आले? तं म्हने, पोरगी पाहाले आलो, आमच्या एका तापट पोट्ट्यासाठी. डोकं गरम हाये म्हने त्याचं, पण खोटं बोलत नाई. चार लोकांत सुदिक नाई. म्हनून देल्ली तुले."

सर, हद्द तुमचीच बरोबर होती. इतकी वर्षं सासुरवाडीला जातोय, सगळं गाव पालथं घातलं. समुद्रपुरात पाहण्यासारखं एकच होतं, ते मी घेऊन आलो. हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही, आणि घरात ठेवायची तर सोयच नाही. माहेराबद्दल असं लिहिलेलं तिच्या हाती लागलं तर संपलंच. मी तापट आहे खरा, पण तिच्यापुढे नाही.