चालणाऱ्या उदाहरणाच्या शोधात तुमचा जावई

ती. बाबांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. तुमचा रक्तदाब ठीक असेल असं धरून चालतो, कारण माझा ठीक नाही. (तुमच्या लेकीचं म्हणणं, मी तो मोजलेलाच नाही. खरं आहे. भीतीपोटीच मोजला नाही.) आईंनाही नमस्कार सांगा. आम्ही दोघं खुशाल आहोत. निदान ती आहे. मी गेले तीन आठवडे कुलूप लावल्यावर तीनतीनदा ओढून बघतो, जेवताना घास हातात धरून भिंतीकडे पाहत बसतो, आणि परवा चष्मा डोळ्यांवर असताना चष्म्याच्या दुकानातच 'माझा चष्मा इथे राहिला का?' म्हणून विचारून आलो. दुकानदार सज्जन आहे. 'नाही राहिला,' एवढंच म्हणाला.

हे दुकान आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या खालीच आहे. कंपनीने आमचा संगणक विभाग बंद केल्यावर मला इथे शिकवायची नोकरी लागली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, हे मात्र ठाऊक नसावं, कारण ते मी सांगितलं नव्हतं. मी फ्रेमवर्क शिकवतो. म्हणजे काय, हे तुम्ही लग्नाच्या बैठकीपासून विचारताय आणि मी दरवेळी चहाचा कप उचलून वेळ मारून नेतोय. तर आज सांगून टाकतो. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये काही कामं तीच ती असतात, पडद्यावर रकाने दाखवणं, माहिती साठवणं, चुकीचा पासवर्ड घातला की हटकणं वगैरे. ती कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. आपण फक्त आपल्या कामापुरता भाग लिहायचा आणि त्यात बसवायचा. आता हे करून ठेवणारे लोक स्वस्थ बसले असते तर मी आज हे पत्र लिहीत बसलो नसतो. ते दरवर्षी नवी आवृत्ती काढतात, आणि तिच्यात जुन्या गोष्टींची नावं, जागा आणि स्वभाव बदललेले असतात.

माझ्या टिपणवह्या दुसऱ्या आवृत्तीच्या. केंद्राच्या यंत्रदुरुस्तीवाल्याने सुट्टीत सगळ्या संगणकांवर पाचवी बसवली आणि मला सांगायचं विसरला. (त्याला सगळे 'तार' म्हणतात. अंगकाठीमुळे असेल, किंवा कुठलीही तार तो ज्या सहजतेने उपटतो त्यामुळे.) पहिल्याच दिवशी मी फळ्यावर उदाहरण लिहिलं, बारा जणांनी ते मुकाट्याने टाइप केलं, मी मोठ्या ऐटीत 'आता चालवा' म्हटलं, आणि बाराच्या बारा पडद्यांवर लाल अक्षरं उमटली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण बाबा, माणूस घाबरला की किती चटकन खोटं बोलतो पाहा. मी म्हणालो, "शाबास! ही चूक मी मुद्दाम ठेवली होती. चुका कशा दिसतात ते आधी कळायला हवं." पहिल्या बाकावरच्या बाईंनी वहीत 'मुद्दाम चूक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या. बावीस वर्षांत एकाही प्रवाशाला त्यांच्या डोळ्यात धूळ फेकता आली नाही म्हणतात, त्यामुळे त्या रेघा मला फार लागल्या.

मग सुरू झाला शोध. मला पाचव्या आवृत्तीचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारं एकच उदाहरण हवं होतं. फ्रेमवर्कवाल्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गेलो, तर तिथे पाटी, 'हे पान जुनं आहे, नवं पान इकडे.' इकडे गेलो, तर 'लवकरच येत आहे.' ही पाटीसुद्धा दोन वर्षांपूर्वीची निघाली. मग एका हसतमुख गृहस्थाचा व्हिडिओ सापडला. दहा मिनिटं सगळं झकास, अकराव्या मिनिटाला तो जे बटण दाबतो ते आता अस्तित्वातच नाही. खाली जगभरच्या लोकांचे निरोप होते आणि सगळे अकराव्या मिनिटालाच अडकलेले. शेवटचा निरोप, 'कुणाला उत्तर मिळालं का?' मी खाली लिहिलं, 'मलाही नाही.' थोडं बरं वाटलं. यंदाचं साल छापलेलं पुस्तक आणलं, तर मुखपृष्ठ नवं आणि आतला मजकूर माझ्या टिपणवह्यांच्याही आधीचा. जाणकारांच्या एका मंडळात प्रश्न टाकला. तीन मिनिटांत एकाने कळवलं की प्रश्न विचारायची माझी पद्धत चुकली, आणि दुसऱ्याने विचारलं की हे फ्रेमवर्क हल्ली वापरतं कोण. शेवटी हल्ली ते उत्तरं देणारं यंत्र निघालंय त्याला शरण गेलो. त्याने लगेच उदाहरण दिलं, पण त्यात दुसरी, तिसरी आणि पाचवी आवृत्ती यांची अशी सरमिसळ होती की काय सांगू. चूक दाखवली की ते मनापासून माफी मागतं आणि नवी चूक देतं. इतका नम्र सहकारी मला वीस वर्षांच्या नोकरीत भेटला नव्हता.

वर्गात मात्र माझी पाचावर धारण बसलेली. मंगळवारी मी दोष नेटवर्कवर ढकलला, बुधवारी विजेवर, गुरुवारी 'तार'वर. (तो शेजारीच उभा होता. मला अजून वाईट वाटतं.) शिवाय ही सगळी जुनी उदाहरणं एकाच गोष्टीची असतात, कामांच्या यादीची. अशा नऊ याद्या मी केल्या. एकही चालली नाही, आणि घरी तुमच्या लेकीने सांगितलेली कामं यादीविनाच राहून गेली.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर एक नर्सबाई मागे थांबल्या. सोळा वर्षं वॉर्डात उभं राहून त्यांची कंबर गेली आहे. रुग्णालयाच्या संगणक विभागात एक जागा निघाली आहे, मुलाखत वीस तारखेला, आणि तिथे स्वतः बनवलेला प्रोग्रॅम दाखवावा लागतो. नाही जमलं तर पुन्हा वॉर्ड. त्यांनी पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि विचारलं, "सर, रागावू नका. पण तुम्हाला हे येतंय ना?"

बाबा, मी तोंड उघडलं ते विजेचं नाव घ्यायला. पण त्या ज्या तऱ्हेने एक हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या ते बघून म्हणालो, "नाही. जुनं येतं. हे नाही."

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मग लवकर सांगायचं ना. आम्ही घरी स्वतःलाच ढ समजत होतो."

शनिवार-रविवार जीव टांगणीला लावून काढले, आणि सोमवारी मी सगळ्या वर्गापुढे कबूल केलं. कंडक्टरबाईंनी वहीची पानं मागे उलटली. "म्हणजे ती चूक मुद्दाम नव्हती?" "नव्हती." त्यांनी त्या ओळीवर शांतपणे काट मारली आणि म्हणाल्या, "बरं. बदललंय काय काय, ते कुठे तरी लिहून ठेवलं असेलच की. आमच्याकडे थांबे बदलले तरी पत्रक निघायचं."

निघतं, बाबा! दर आवृत्तीबरोबर बदलांची यादी निघते. ती इतकी रूक्ष असते की कुणी वाचत नाही, आणि मीही वाचली नव्हती. उदाहरण शोधायच्या नादात ते सुचलंच नाही. तीन आवृत्त्यांचे मिळून दोनशे सत्तर बदल होते. कंडक्टरबाई उभ्या राहून गर्दीच्या बसमध्ये थांबे पुकारावेत तशा एकेक बदल खणखणीत आवाजात वाचू लागल्या, मी अर्थ सांगू लागलो, आणि जिथे मला कळत नव्हतं तिथे 'कळत नाही' म्हणू लागलो. (ही सवय लागायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मजा वाटू लागली.) चार दिवस हेच. एकशे अडतिसाव्या बदलाशी घोडं अडलेलं सापडलं. पूर्वी प्रोग्रॅम आधी पान दाखवायचा आणि मग माहिती आणायचा, आता माहिती हाती येईपर्यंत तो पान दाखवतच नाही. आम्ही माहिती कुठून आणायची तेच सांगितलं नव्हतं, म्हणून तो बिचारा लाल होऊन थांबला होता.

मग कामांची यादी सोडून दिली आणि नर्सबाईंच्या वॉर्डाचं घेतलं. कुठल्या खाटेला कुठलं औषध, किती वाजता, दिलं की नाही. शुक्रवारी चार वाजता पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली, 'खाट १. औषध दिले: नाही.' नर्सबाईंनी बटण दाबलं. 'होय' झालं. एवढंच. पण बारा जणांनी असा गलका केला की चष्मेवाला धावत वर आला. त्याला वाटलं, छत कोसळलं. नर्सबाई डोळे पुसत होत्या, आणि मी फळा पुसत होतो, जो आधीच पुसलेला होता.

ते उदाहरण आम्ही वर तारीख आणि आवृत्ती घालून सगळ्यांना बघायला खुलं ठेवलं आहे. काल त्यात खाटा वाढवल्या, वेळा घातल्या. दोनदा बंद पडलं, दोनदा कारण सापडलं. मला अजून धाकधूक वाटते, पण घास तोंडापर्यंत जातो.

प्रकृतीला जपा. कळावे.

तुमचा,
जावई

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. आमच्या संचालिकाबाईंनी अट घातली आहे की पुढच्या सोमवारी बाहेरची, संगणकाशी काडीचा संबंध नसलेली व्यक्ती येऊन आमचा प्रोग्रॅम वापरून बघेल. तो टिकला तर नर्सबाईंना वीस तारखेआधी प्रमाणपत्र, आणि मला कायम नोकरी. मी तुमचं नाव दिलं आहे. कृपा करून या. आणि घरी फोन वापरताना दाबता तसंच, जिथे दाबू नये तिथे, तीनतीनदा दाबा. बारा जणांपैकी कुणाचीही एवढी प्रतिभा नाही.

ता. क. २. वर्गात मला 'जावईबापू' म्हणू नका. 'अहो' चालेल.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी तुमच्या लेकीने पत्र वाचलं. ती म्हणते की 'बाबा, सोमवारी या' एवढ्या तीन शब्दांचं काम होतं, आणि ते तिने काल फोनवर करूनही टाकलं, तुम्ही हो म्हणालात, तिकीटही काढलंत. मला कुणी सांगितलं नाही. तरीही पत्र पाठवतो आहे, कारण लिहून झालं आहे.